प्रभुभोजन की ख्रिस्तशरीर? बाकावर बसून राहिलेलीचा प्रश्न

गिरगावकरीण | रविवार, रात्री ११.२०

पुढच्या महिन्यात गोराईला, माझ्या कॅथलिक सासरी, दिराच्या मुलाची पहिली कम्युनियन आहे, म्हणजे चर्चमध्ये ख्रिस्तशरीर म्हणून देतात ती भाकर त्याला पहिल्यांदा मिळणार. पोरगा आठ वर्षांचा. पांढरा शर्ट शिवून झालाय, मेणबत्ती आलीय, जेवणाची यादी तीनदा बदललीय. आज सासूबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "तू मात्र रांगेत येऊ नकोस हां. तुमचं वेगळं असतं."

लग्नाला चौदा वर्षं झाली, हे मला माहीत नाही असं नाही. पण यावेळी ते कुठेतरी लागलं. आठ वर्षांच्या पोराला मिळणार आणि एक्केचाळीस वर्षांच्या काकूला नाही!

माझं माहेर गिरगावचं, प्रोटेस्टंट, मूळ स्कॉटिश मिशनची मंडळी, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियात. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. बाबा वडीलमंडळात होते. शनिवारी रात्री आई मनुका उकळून गाळून ठेवायची, तो आमचा द्राक्षारस. बाबा ब्रेडच्या कडा काढून छोटे चौकोन कापायचे आणि त्या कडा आम्ही भावंडं चहाबरोबर खायचो. रविवारी तेच चौकोन तबकातून बाकाबाकांवर फिरायचे, मागून इवल्याशा काचेच्या पेल्यांचा ट्रे. दृढीकरण (मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी) झाल्याशिवाय घ्यायचं नाही, म्हणजे सोळाव्या वर्षापर्यंत मी तबक नुसतं पुढे सरकवत होते.

प्रश्न भांडणाचा नाही. येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या त्या एकाच शेवटच्या जेवणाबद्दल, एकाच बायबलातल्या "हे माझे शरीर आहे" या त्याच ओळींबद्दल इतकं वेगळं का मानतात, ते कुणी नीट सांगेल का? नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, "फादरना विचार." फादरना विचारायची हिंमत नाही.

खिडकीतली_सीट | रविवार, रात्री ११.४१

मी हिंदू, त्यामुळे चूकभूल माफ. हा प्रसादच ना? आमच्याकडे सत्यनारायणाला कुणीही आलं तरी द्रोण हातात ठेवतात. जात नाही विचारत, निदान आता तरी. मग इथे अडवणूक कशाला?

उत्तनचा_वारा | सोमवार, सकाळी ७.०५

ताई, आधी तुमच्या सासूबाईंची बाजू घेतो. त्यांचा सूर चुकला असेल, पण मुद्दा बरोबर आहे.

आम्हा कॅथलिकांसाठी तो प्रसाद नाही. प्रसाद देवाला दाखवलेला असतो, देवाने त्याचा स्वीकार केलेला असतो, पण शिरा शिराच राहतो. मिस्सेत (आमची चर्चमधली उपासना) धर्मगुरू "हे माझे शरीर आहे" म्हणतात तेव्हा आमची श्रद्धा अशी की भाकर भाकर राहत नाही. दिसायला, चवीला, वासाला तीच, पण जे आहे ते ख्रिस्त. रूप-रस-गंध तसेच, सत्त्व बदललं. १२१५ साली चर्चच्या लॅटरन परिषदेने या बदलासाठीचा शब्द अधिकृतपणे वापरला, थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलच्या भाषेत त्याची मांडणी केली आणि ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये त्यावर शिक्का मारला.

पुस्तकातलं सोडा. आमच्या चर्चमध्ये वेदीमागे छोटी सोनेरी पेटी आहे, शेजारी लाल दिवा. आत पवित्र ख्रिस्तशरीर असेल तर दिवा जळत असतो. माझी आजी मासळीची पाटी घेऊन चर्चवरून जाताना डोक्यावरचं ओझं सांभाळत क्रूसाची खूण करायची. आत कुणीतरी आहे म्हणून. कण खाली पडला तर आमच्याकडे तो उचलतात, झाडत नाहीत. मिस्सा संपल्यावर फादर प्याला पाण्याने विसळून ते पाणी स्वतः पितात.

आता सांगा, ज्याला ही नुसती आठवण वाटते त्याने रांगेत येऊन हात पुढे केला तर त्याचा तरी मान राहतो का?

तिरका_कोन | सोमवार, सकाळी ९.३०

म्हणजे प्रयोगशाळेत पाठवलं तर रिपोर्टमध्ये गहूच येणार ना? मग बदललं काय?

उत्तनचा_वारा | सोमवार, सकाळी ९.५२

गहूच येणार. तेच तर मी लिहिलंय. रिपोर्टमध्ये जे येतं ते बदलत नाही असं आम्हीच म्हणतो. मंगळसूत्र सोनाराकडे नेलंत तर तो ग्रॅमच सांगेल. (दाखला तोकडा आहे हे मान्य, मंगळसूत्राचं सोनं सोनंच राहतं. पण सकाळी ९.५२ ला चर्चगेट लोकलमध्ये एवढंच सुचलं.)

जुनी_वही | सोमवार, दुपारी १.१५

धागा आवडला. प्रोटेस्टंट म्हणजे सगळे एकाच मताचे हा गैरसमज आधी काढूया.

१५२९ चा ऑक्टोबर. जर्मनीत मारबुर्गच्या किल्ल्यात हेस्से प्रांताचा राजा फिलिप दोन प्रोटेस्टंट पुढाऱ्यांना, मार्टिन ल्युथर आणि झुरिकचा झ्विंग्ली यांना, समोरासमोर बसवतो. दोघेही पोपच्या विरोधात, दोघांना एकत्र आणलं तर राजकीय फळी मजबूत होईल हा त्याचा हिशोब. पंधरा कलमं निघाली. चौदांवर एकमत झालं आणि पंधराव्यावर, म्हणजे याच जेवणावर, गाडी अडली. ल्युथरने टेबलावर खडूने लॅटिनमध्ये लिहून ठेवलं होतं: "हे माझे शरीर आहे." वाद तापला की तो त्या अक्षरांकडे बोट दाखवायचा. झ्विंग्लीचं म्हणणं, इथे "आहे" म्हणजे "दर्शवते". दोनच वर्षांनी झ्विंग्ली लढाईत मारला गेला. समेट राहिलाच.

गंमत बघा, भांडण "आहे" या एका क्रियापदावर. मराठीत आपण भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून "ही माझी आई" म्हणतो आणि कुणी आपल्याला वेड्यात काढत नाही. झ्विंग्लीला मराठी येत असती तर त्याने हाच दाखला दिला असता असं मला नेहमी वाटतं.

ल्युथर कॅथलिकांइतका पुढे जात नाही. त्याच्या मते भाकर भाकरच राहते, पण तिच्यात, तिच्याबरोबर ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं. त्याचा दाखला तापलेल्या लोखंडाचा: लोखंडही आहे, आगही आहे, वेगळं करून दाखवा. कॅल्विन हा आणखी एक प्रोटेस्टंट पुढारी, तो तिसरीकडेच. ख्रिस्ताचं शरीर स्वर्गात आहे, ते भाकरीत उतरत नाही, पण पवित्र आत्मा आपल्याला त्याच्याशी खरोखर जोडतो. सूर्य वर असतो, ऊब अंगणात पोचते, तसं. अँग्लिकनांच्या ३९ कलमांतलं अठ्ठाविसावं कलम सत्त्वबदल नाकारतं, पण शरीर "स्वर्गीय आणि आत्मिक रीतीने" घेतलं जातं असंही म्हणतं. दोन्ही डगरींवर पाय.

गिरगावकरीण, तुमची मंडळी स्कॉटिश म्हणजे प्रेस्बिटेरियन, म्हणजे मूळ कॅल्विनच्या घरची. सासूबाईंना सांगा, आमच्यातही "नुसती आठवण" नाही.

गिरगावकरीण | सोमवार, दुपारी २.०२

हे मला माझ्याच मंडळीत कुणी सांगितलं नव्हतं! आमच्याकडे टेबलावर पुढे कोरलेलं असतं, "माझ्या स्मरणार्थ हे करा", त्यामुळे मी आयुष्यभर स्मरणच समजत होते.

@खिडकीतली_सीट, प्रसादाचा प्रश्न माझ्याही मनात लहानपणी यायचा. शेजारच्या काकू गणपतीत मोदक द्यायच्या आणि बाबा ते घ्यावेत की नाही यावर पाच मिनिटं विचार करून मग दोन खायचे.

विरार_फास्ट | सोमवार, रात्री १०.१०

आमची छोटी मंडळी आहे, पेंटेकॉस्टल. भाड्याच्या हॉलमध्ये भरते. आम्ही साधं मानतो: प्रभूने आठवण करायला सांगितली, आम्ही करतो. ज्याने विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतलाय तो घेईल. कुठल्या चर्चचा, कुणी विचारत नाही. मात्र स्वतःला तपासून घ्या, हे पाळक दर वेळी करिंथकरांच्या पत्रातून वाचतात आणि तेव्हा हॉलमध्ये खरंच शांतता पसरते. एकदा दोन सख्खे भाऊ जागेच्या वादावरून बोलत नव्हते, ते तिथून उठून बाहेर जिन्यात गेले आणि बोलून परत आले. "नुसती आठवण" म्हणणाऱ्यांनी हेही बघावं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही झूमवर केलं. प्रत्येकाने घरात जे होतं ते घेतलं. कुणाकडे पाव, कुणाकडे मारी बिस्किट, आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि कोकम सरबत.

उत्तनचा_वारा | सोमवार, रात्री १०.३४

कोकम सरबत!! क्षमा करा, पण आजी थडग्यात उठून बसली असेल.

आमच्याकडे नियम असा की होस्तिया (कम्युनियनची पातळ भाकर) गव्हाचाच आणि वाइन द्राक्षाचीच, चर्चच्या कायद्यात ९२४ वं कलम. ग्लुटेन अजिबात नसलेला होस्तियासुद्धा चालत नाही, अगदी कमी असलेला चालतो, हे व्हॅटिकनने २०१७ मध्ये पुन्हा बजावलं. लॉकडाऊनमध्ये आम्ही मोबाइलवर मिस्सा बघितली आणि कम्युनियनच्या वेळी मनातल्या मनात प्रार्थना म्हटली. शरीर स्क्रीनमधून येत नाही. पुन्हा चर्च उघडलं त्या दिवशी माझे वडील रांगेत रडले. त्यांना रडताना मी त्याआधी एकदाच बघितलं होतं.

जुनी_वही | सोमवार, रात्री ११.००

विरार_फास्ट यांनी नकळत एक सुंदर गोष्ट केली. आपल्या मराठी बायबलात शब्द कुठला आहे? "भाकर". "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे." मिशनऱ्यांनी पाव किंवा रोटी न घेता भाकर घेतली, कारण इथल्या माणसाचं पोट भाकरीवर चालतं. आता घाटावरच्या माणसाच्या मनात भाकर म्हटलं की ज्वारी-बाजरी. म्हणजे वाचायची भाकर आणि वेदीवर चालणार नाही तीही भाकरच.

अवांतर: मनुकांच्या रसालाही इतिहास आहे. अमेरिकेत वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये द्राक्षरस गरम करून तो आंबणार नाही अशी युक्ती शोधली. कशासाठी, तर कम्युनियनला दारू नको म्हणून. पुढे त्याचा मोठा धंदा झाला. आपल्याकडे मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही धार्मिक विधीच्या वाइनला सवलत ठेवलेली होती.

तिरका_कोन | सोमवार, रात्री ११.०९

दारूबंदीतून पळवाट मिळते म्हटल्यावर माझी श्रद्धा बळावू लागली आहे.

कल्याण_लोकल | मंगळवार, सकाळी ८.१५

वयाचा मुद्दा राहूनच गेला. माझे मिस्टर मल्याळी, ऑर्थोडॉक्स. आमच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या दिवशीच कम्युनियन मिळाली, तेव्हा ती चार महिन्यांची होती! त्यांच्याकडे बाळाला काय समजतं असा प्रश्नच नसतो. बाळाला आईचं दूध समजून घेऊन पाजतो का, असं सासरे म्हणाले. कॅथलिकांमध्ये सात-आठ वर्षांचं वय पोप पायस दहाव्याने १९१० मध्ये खाली आणलं, त्याआधी दहा-बारा उलटून जायची. तुमच्याकडे सोळा. एका मुंबईत तीन वयं.

शिवाय त्यांची भाकर फुगवलेली, खमीर घातलेली. कॅथलिकांची बिनखमिराची. अकराव्या शतकात पूर्व-पश्चिम फाटाफूट झाली त्यातलं हे एक भांडण होतं.

मुक्तिफौजीची_नात | मंगळवार, दुपारी १२.४०

सगळे आपापलं सांगतायत तर मीही सांगते. आमच्याकडे हे नाहीच.

मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी. खाकी-पांढरे गणवेश, बँड. आजोबा अहमदनगरकडून येऊन भायखळ्याला राहिले. मुक्तिफौज भारतात पहिल्यांदा मुंबईतच उतरली, १९ सप्टेंबर १८८२ ला. फ्रेडरिक टकर आणि आणखी तिघं. टकर पुढे अनवाणी, भगवे कपडे घालून फिरायचा आणि स्वतःला फकीर सिंग म्हणवायचा. पुढच्याच वर्षी मुक्तिफौजेचा संस्थापक विल्यम बूथने संस्कार बंद केले. बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही. कारणं बरीच होती: चर्चाचर्चांत यावरून इतकी भांडणं, त्यात बायकांनी ते द्यावं की नाही हा वाद, दारू सोडलेल्या माणसाच्या हातात वाइनचा प्याला का द्यायचा, आणि मूळ मुद्दा असा की कृपा कुठल्या एका वस्तूत अडकलेली नाही.

लहानपणी मैत्रिणी विचारायच्या, "मग तुम्ही ख्रिस्ती कसले?" आजोबा म्हणायचे, "आपलं रोजचं ताटच ते आहे." ते रात्री जेवायला बसताना पहिला घास हातात धरून थोडा वेळ थांबायचे. आजी ओरडायची, गार होतंय. मला अजूनही कुणी कम्युनियन म्हटलं की तो थांबलेला हात दिसतो.

खिडकीतली_सीट | मंगळवार, दुपारी १.०५

हे वाचून ऑफिसात डबा उघडवेना. चित्राहुती घालणाऱ्या माझ्या आजोबांची आठवण झाली. तुलना करत नाही, फक्त आठवण.

गिरगावकरीण | मंगळवार, रात्री ९.४५

मुक्तिफौजीची_नात, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

पण उत्तनचा_वारा, माझा प्रश्न अजून तिथेच आहे. समजा मी मानते. समजा कॅल्विन काय ल्युथर काय, मी अगदी तुमच्यासारखंच मानते की तो खरोखर तिथे आहे. तरी नाही?

उत्तनचा_वारा | मंगळवार, रात्री ११.५०

तरी नाही. दोनदा लिहून खोडलं, आता सरळच लिहितो.

फादर "ख्रिस्ताचे शरीर" म्हणतात, आपण "आमेन" म्हणतो. तो आमेन दोन गोष्टींना आहे. एक, हा ख्रिस्त आहे. दुसरं, मी या चर्चचा आहे, या बिशपच्या, पोपच्या सहभागात. तुम्ही पहिला आमेन मनापासून म्हणाल, दुसरा कसा म्हणाल? चर्चच्या कायद्यात ८४४ व्या कलमात अपवाद आहेत, मरणाची वेळ वगैरे. लग्नसमारंभ किंवा पुतण्याची कम्युनियन त्यात बसत नाही. आणि हे एकतर्फी नाही: तुमच्या गिरगावच्या टेबलावरून मीही घेऊ शकत नाही, तुमचे पाळक प्रेमाने देतील तरी.

एक घरचं सांगतो. माझी आत्या. नवऱ्याने टाकलं, कोर्टात घटस्फोट झाला, चर्चमध्ये लग्न रद्द ठरलं नाही, आणि तिने दुसऱ्या भल्या माणसाबरोबर संसार केला. बावीस वर्षं ती दर रविवारी मिस्सेला आली आणि बावीस वर्षं रांगेच्या वेळी बाकावर बसून राहिली. गुडघे बाजूला घेऊन बाकीच्यांना जाऊ द्यायची. कॅथलिक असून. तेव्हा ताई, त्या बाकावर फक्त प्रोटेस्टंट सुना नसतात. मी नियम मानतो. आत्याकडे बघून दर वेळी मानलाच असं नाही.

१९६४ ला ओव्हल मैदानावर जागतिक युखरिस्त (म्हणजे कम्युनियन) परिषद भरली, पोप सहावे पॉल मुंबईत आले, तेव्हा ही आत्या तरुण होती. आजीबरोबर गर्दीत उभं राहून तिने तिथे ख्रिस्तशरीर घेतलं होतं. म्हातारपणी तेच सांगायची, पुन्हा पुन्हा.

विरार_फास्ट | बुधवार, सकाळी ६.३०

भाऊ, आत्यांना आमच्याकडे आणलं असतं तर…

उत्तनचा_वारा | बुधवार, सकाळी ६.५८

ती आली नसती. तोच तर मुद्दा आहे. तिला तुमची भाकर नको होती.

जुनी_वही | बुधवार, सकाळी १०.२०

+१. आणि याची दुसरी बाजूही लिहून ठेवतो. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रदरन अशी मंडळी एकत्र आली. बाळांचा बाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे, गुडघे टेकून घेणारे आणि बाकावर बसून घेणारे. त्यांनी आधी सिद्धांत जुळवून मग टेबल मांडलं नाही. एका टेबलावर बसले, मतभेद राहिले. कॅथलिक म्हणतात आधी एकी, मग जेवण. हे म्हणाले जेवता जेवता एकी होईल. पन्नासहून जास्त वर्षं झाली. झाली का एकी? कोर्टातल्या मालमत्तेच्या केसेस बघितल्या तर हसू येतं. टेबल मात्र मोडलेलं नाही.

तिरका_कोन | बुधवार, सकाळी १०.४४

इतके दिवस टिंगल केली, आता एक खरा प्रश्न. त्या जेवणात यहूदाही होता ना? त्याला दिलं?

उत्तनचा_वारा | बुधवार, सकाळी ११.०१

लूकच्या वृत्तान्तावरून तसं दिसतं, कारण प्याला दिल्यानंतर येशू म्हणतो, मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. यावर जुने पंडितही भांडलेत. तिरके असूनही नेमक्या जागी बोट ठेवलंत.

गिरगावकरीण | साधारण सहा आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.३०

धागा वर काढतेय.

गोराईची कम्युनियन छान झाली. मी रांगेत गेले नाही. गुडघे बाजूला घेतले आणि सगळ्यांना जाऊ दिलं. उत्तनचा_वारा, तेव्हा तुमची आत्या आठवली. पुतण्याला विचारलं कसं लागलं, तर म्हणाला, "कागदासारखं, टाळूला चिकटलं." मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. जेवणाला फुगे (पिठाचे तळलेले गोळे) होते, मांसाचं इंदियाल होतं, मी जास्त खाल्लं.

आज पहिला रविवार. बाबांना बरं नसतं, म्हणून मी गिरगावला गेले. सासूबाई म्हणाल्या, "मी येते सोबतीला." चौदा वर्षांत पहिल्यांदा. भोजनाची वेळ आली तेव्हा त्या बाकावर ताठ बसल्या. तबक आलं. त्यांनी काही घेतलं नाही, पण माझ्याकडे देताना दोन्ही हातांनी धरलं, खाली एक हात पसरून, जसं त्या गोराईला हात धरतात तसं. तरी एक तुकडा सुटून त्यांच्या मांडीवर पडला. आमच्याकडे असं झालं की कुणी लक्ष देत नाही, नंतर झाडू मारताना जातं.

त्यांनी तो उचलला. खाल्ला नाही. खाली टाकला नाही. इकडेतिकडे बघितलं, मग पर्समधून इस्त्री केलेला रुमाल काढला, तुकडा मधोमध ठेवला आणि चारी कोपरे दुमडले.

परतीच्या गाडीत चर्नी रोडपासून बोरिवलीपर्यंत पर्स मांडीवर होती. त्या रुमालाचं पुढे काय केलं ते मी विचारलं नाही.